जोडशब्द आणि वाक्प्रचारांवर शब्दखेळ कसा बसवायचा? माझ्या अनुभवातून सांगते

प्रश्न थोडक्यात असा आहे: सोसायटीत २७ फेब्रुवारीला, मराठी भाषा गौरव दिनाला, तासाभराचा शब्दखेळ घ्यायचाय. गेल्या वर्षी 'समास ओळखा' आणि 'म्हण पूर्ण करा' घेतलं तर वीस मिनिटांत निम्मी माणसं मोबाईलमध्ये गेली. यंदा इंग्रजीतले जोडशब्दांचे प्रश्न भाषांतर करून बघितले, ते जमेनात. समोर तिसरीतल्या पोरांपासून ऐंशीच्या आजोबांपर्यंत सगळे, त्यातली बरीच मुलं इंग्रजी माध्यमाची. तर सगळ्यांना जमतील असे सोपे प्रश्न कुठं मिळतील?

मी कोल्हापुरात मुद्रितशोधनाचं काम करते, गेली एकोणीस वर्षं दिवाळी अंकांसाठी शब्दकोडी करते आणि गणपतीत, शाळांमध्ये, ज्येष्ठ नागरिकांच्या कट्ट्यावर, हळदीकुंकवाला असे शब्दखेळ घेते, त्यामुळं सविस्तर लिहिते, लांबेल जरा.

आधी एक सांगते, तुमची अडचण सोपं की अवघड ही नाहीच. 'नीलकंठ हा कोणता समास' हा प्रश्न ज्यानं बहुव्रीही पाठ केलाय त्याला एका सेकंदात येतो आणि ज्यानं नाही केला त्यानं रात्रभर डोकं खाजवलं तरी येत नाही. म्हणजे विचार करायला तिथं जागाच नाही, मग माणूस मोबाईल बघणार नाही तर काय करणार. शब्दखेळाचा प्रश्न असा हवा की उत्तर ऐकणाऱ्याच्या तोंडात आधीपासून आहे, रोज वापरतोय तो, फक्त त्या शब्दाला मधून मोडून कधी बघितलेलं नाही. माझी परीक्षा एकच असते, उत्तर सांगितल्यावर लोक 'अरे हो की!' म्हणतात की 'हे आम्हाला कसं माहीत असणार?' म्हणतात. दुसरं म्हणाले तर तो प्रश्न मी वहीतून खोडते, मग तो मला कितीही आवडता असो.

उदाहरण घ्या. भाऊ ___ गणित. मधे असा शब्द घाला की तो आधीच्या शब्दाला शेपूट म्हणून लागेल आणि पुढच्याला डोकं म्हणून. हा प्रश्न मी एका शाळेत पाचवीच्या वर्गात घेतला होता. अर्धं मिनिट सगळे गप्प, कुणी 'भाऊसाहेब' म्हणालं, कुणी 'भाऊगर्दी', आणि मग मागच्या बाकावरची एक मुलगी स्वतःशीच पुटपुटायला लागली, "भाऊबीज... बीज... बीजगणित!" आणि उभीच राहिली. तिला दोन्ही शब्द माहीत होते, दोन्हीत बीज आहे हे तिला त्या क्षणी दिसलं. आणि गंमत इथं संपत नाही, कारण पुढचा प्रश्न आपोआप येतो की दोन्ही बीज एकच का? तर नाही. भाऊबीजेतली बीज म्हणजे द्वितीया, कार्तिक शुद्ध द्वितीया, आणि बीजगणितातलं बीज म्हणजे बी, मूळ. एक स्त्रीलिंगी, एक नपुंसकलिंगी. मी काही व्याकरण शिकवायला गेले नव्हते पण वर्गानं ते आपणहून काढून घेतलं.

या प्रकाराला मी 'मधला शब्द' म्हणते आणि कुठल्याही कार्यक्रमाची सुरुवात यानंच करते. अजून काही देते, बिनधास्त वापरा. चहा ___ पट्टी (पाणी). दही ___ शेती (भात). आई ___ लेक (बाप). पाय ___ खर्च (वाट). तिखट ___ भाकर (मीठ). गाव ___ मेवा (रान). वर्तमान ___ व्यवहार (पत्र). मंगळ ___ संचालन, हा माझा लाडका, उत्तर सूत्र. मंगळसूत्र आणि सूत्रसंचालन हे शब्द आपण एकाच लग्नाच्या हॉलमध्ये ऐकतो पण शेजारी ठेवून बघत नाही, आणि दोन्हीकडं सूत्र म्हणजे मुळात दोराच.

हे बनवायचे कसे, तर एक वही करा, पानाच्या मधोमध एक साधा शब्द लिहा, समजा 'घर'. डावीकडं घरानं संपणारे शब्द लिहा: देवघर, माजघर, माहेरघर, न्हाणीघर, स्वयंपाकघर. उजवीकडं घरानं सुरू होणारे: घरजावई, घरफोडी, घरपट्टी, घरकाम, घरभाडं. डावीकडचा कुठलाही आणि उजवीकडचा कुठलाही अशी जोडी लावली की प्रश्न तयार, पाच गुणिले पाच पंचवीस. पण पंचवीसच्या पंचवीस विचारायचे नसतात. ज्या जोडीत दोन टोकं एकमेकांपासून लांबची असतील ती निवडा. स्वयंपाक ___ काम यात दम नाही, दोन्ही एकाच घरातलं. माहेर ___ फोडी म्हटलं की माणूस थबकतो. आणि मधल्या शब्दाचा अर्थच दोन बाजूंना बदलत असेल, जसं बीज, तर तो प्रश्न शेवटाला राखून ठेवा.

आता यात मी केलेली एक चूक सांगते म्हणजे तुमची होणार नाही. एका गणेश मंडळात मी विचारलं, देव ___ पण. माझ्या कागदावर उत्तर होतं माणूस, देवमाणूस आणि माणूसपण. एक वहिनी म्हणाल्या, घर. मी चुकीचं म्हणून पुढं निघाले तर त्या उठून म्हणाल्या, "देवघर होतं ना? आणि घराला घरपण असतं ना?" बरोबरच होतं त्यांचं! पण कागदावर नाही म्हणून मी अडून बसले, वाद झाला, दोन गट एकमेकांशी बोलेनात, शेवटी मी गुण दिले आणि सगळ्यांसमोर चूक कबूल केली, पण तोवर त्या फेरीचा रंग गेला होता. तेव्हापासून दोन नियम पाळते. एक, 'पण', 'वाला', 'दार' असले नुसते प्रत्यय टोकाला ठेवायचे नाहीत, ते कुणालाही चिकटतात, दोन्ही टोकांना स्वतःच्या पायावर उभे राहणारे शब्दच हवेत. देव ___ जावई केलं की घराशिवाय काही बसत नाही. दोन, प्रत्येक प्रश्न कार्यक्रमाआधी किमान तीन माणसांना विचारून बघायचा, त्यातला एक दुसऱ्या भागातला असावा. आणि तरीही ऐनवेळी कुणी वेगळं आणि बरोबर उत्तर दिलं तर पूर्ण गुण द्यायचे, वर कौतुक करायचं, कारण त्यानं आपल्याला न दिसलेली वाट शोधलीय.

इंग्रजीतून भाषांतर का जमलं नाही, तेही यातच आहे. तिकडं बहुतेक वेळा शब्द आहे तसाच दुसऱ्या शब्दाला जोडला जातो, आपल्याकडं शब्द जोडताना अंग चोरतो. पाणी पाणीपट्टीत पूर्ण राहतं पण पाणबुडीत, पाणवठ्यात, पाणपोईत, पाणउताऱ्यात नुसतं 'पाण' उरतं. घोडा घोडदौडीत 'घोड' होतो, घोडेस्वारात 'घोडे'. तिळ ___ पोळी हा प्रश्न तोंडी विचारला तर झकास आहे, उत्तर गूळ, पण फळ्यावर लिहिला की कुणीतरी विचारणारच की 'तिळगूळ' शब्दात दीर्घ गू मग पोळीत ऱ्हस्व का, आणि छापील मजकुरात गूळपोळी नि गुळपोळी दोन्ही सापडतं, मग खेळ राहतो बाजूला. तेव्हा आधीच ठरवा आणि जाहीर करा की शब्दाचं रूप थोडं बदललेलं चालेल की नाही. मी तोंडी फेरीत चालवून घेते, लेखी कोड्यात अजिबात नाही. तिथं चौकट आडवी-उभी दोन्हीकडून जुळायची असते, एका चौकटीत एक अक्षर त्याच्या काना-मात्रा-वेलांटीसकट आणि जोडाक्षरालाही एकच चौकट, त्यामुळं एक ऱ्हस्व-दीर्घ चुकला की दुसरा शब्द मोडतो. सोसायटीच्या कार्यक्रमात लेखी कोडं शक्यतो ठेवूच नका असं माझं मत आहे, माणसं एकेकटी मान खाली घालून बसतात.

दुसरा प्रकार 'समान शेपूट'. घर, पाणी, किनार, झोपड, फूट, पान. या सहाही शब्दांना एकच शब्द लागतो, कोणता? पट्टी. हा प्रश्न मी एकेक शब्द सावकाश देत विचारते, पहिल्या शब्दावर ओळखलं तर सहा गुण, दुसऱ्यावर पाच, असं उतरत. घर म्हटल्यावर शंभर शक्यता असतात, पाणी म्हटल्यावर कर भरणाऱ्यांचे कान टवकारतात (घरपट्टी, पाणीपट्टी), किनारवर ते गोंधळतात कारण तिथं कराचा संबंध नाही, आणि फूटपट्टी येईपर्यंत पोरं ओरडलेली असतात. म्हणजे मोठ्यांचा आणि लहानांचा शब्द एकाच प्रश्नात बसला. उत्तर आल्यावर मी विचारते की पट्टी म्हणजे नक्की काय हो? घरपट्टीत कर, किनारपट्टीत जमिनीचा लांबट तुकडा, फूटपट्टीत मोजायची काठी, जखमेवर बांधतो ती पट्टी, आणि पेटीवाला विचारतो 'कुठली पट्टी, काळी चार का?' ती पट्टी अजून वेगळी. गाणारं कुणी असेल तर ते लगेच खुलतात.

तिसरा प्रकार साखळी, मुलांसाठी याच्यासारखं काही नाही. बटाटावडा, वडापाव, पावभाजी, भाजीपाला, पालापाचोळा. प्रत्येक शब्दाचा दुसरा भाग पुढच्याचा पहिला भाग. इंग्रजी माध्यमाची मुलं मराठीत कच्ची असतात असं आपण म्हणतो ना, खाण्याच्या शब्दांत ती कच्ची नसतात, वडापावपासून सुरुवात केली की ती आजीच्या बरोबरीनं खेळतात. साखळीत एक घर रिकामं सोडायचं आणि ते भरायला सांगायचं. पोळपाट, पाटपाणी, पाणीपुरवठा हीसुद्धा छान साखळी आहे पण 'पाटपाणी' हा शब्द आता लहानांना माहीत नसतो, पानं मांडायला, पाट-पाणी घ्यायला घरात पाटच उरले नाहीत, त्यामुळं ती आजी-नातू अशा जोड्यांसाठी ठेवा. जोड्या करणं हीच सगळ्यात मोठी युक्ती आहे तुमच्यासाठी. वयाप्रमाणं गट करू नका, प्रत्येक गटात एक केस पांढरे झालेलं माणूस आणि एक दहा वर्षांच्या आतलं असं बसवा, प्रश्न आपोआप सगळ्यांना 'जमतील असे' होतात.

एक मिनिटाची फेरीही ठेवा, साधन काही लागत नाही. 'पाणी'नं संपणारे शब्द सांगा. चहापाणी, दाणापाणी, अन्नपाणी, हवापाणी हे शहरात पटकन येतात. एका खेड्यात ज्येष्ठांच्या कट्ट्यावर मी हीच फेरी घेतली तर एका आजोबांनी बोटं मोडत एका दमात खतपाणी, पाऊसपाणी, चारापाणी, वैरणपाणी, औषधपाणी असे काढले, मला लिहून घ्यायला वेळ पुरेना. नंतर मी त्यांनाच विचारलं, औषधपाण्यात पाणी कुठाय? ते म्हणाले, "पाणी म्हणजे बाकीचं सगळं वो." इतकी नेमकी व्याख्या मला कुठल्या पुस्तकात इतक्या सोप्या शब्दांत मिळाली नव्हती. शाळेत ज्याला समाहार द्वंद्व म्हणतात ते हेच, चहापाणी म्हणजे चहा आणि पाणी आणि सोबत जे काय असेल ते, पोहे असतील, बिस्किटं असतील. आणि सरकारी कचेरीच्या दारात 'चहापाण्याचं बघा' म्हटलं की त्यात चहाही नसतो.

नुसत्या आवाजाच्या जोड्यांचाही एक खेळ होतो. शेजारीपाजारीतला पाजारी कोण? गोडधोडातलं धोड काय? बारीकसारीकमधलं सारीक? तिथं दुसरा शब्द एकटा जगू शकत नाही. पण केरकचऱ्यातला कचरा जगतो, नोकरचाकरातला चाकर जगतो, पालापाचोळ्यातला पाचोळा जगतो. मी जोडशब्द म्हणते, गटानं अंगठा वर किंवा खाली करायचा, दुसरा भाग एकटा वापरता येतो की नाही. भांडीकुंडी म्हटलं की हमखास दोन तट पडतात, कुंडी तर आहे पण ती झाडाची, मग घरातली कुंडी कुठली? अशा वेळी वाद मिटवायला मोल्सवर्थचा कोश (१८५७ची दुसरी आवृत्ती) आणि दाते-कर्व्यांचा महाराष्ट्र शब्दकोश ऑनलाईन शोधता येतात, फोनवर तिथंच उघडून वाचून दाखवा, लोकांना ते आवडतं. वाक्प्रचारांसाठी दाते-कर्व्यांचाच वाक्संप्रदाय कोश आहे. आणि मुलांसाठी 'बि'ची फेरी: चहाबिहा, पुस्तकबिस्तक, लग्नबिग्न असं आपण काहीही बनवतो, मग विचारायचं, बिस्किटाचं काय करणार? बिस्किटबिस्किट तर होत नाही! बहुतेक मुलं क्षणभर अडकतात आणि मग बिस्किटंफिस्किटं म्हणतात. त्यांना कुणी शिकवलेलं नसतं तरी नियम कुठं मोडतो आणि तिथं काय करायचं हे कळतं, मला हे दर वेळी नव्यानं आवडतं.

मोठ्यांचा गट जाणता असेल तर अजून एक पदर उघडता येतो. बाजारहाट, कागदपत्र, धनदौलत, मोलमजुरी, पावरोटी. या सगळ्यांत काय सारखं आहे? दोन्ही भागांचा अर्थ जवळजवळ एकच, फक्त एक घरचा आणि एक बाहेरून आलेला. बाजार फारसी, हाट आपला. धन आपलं, दौलत अरबी-फारसीतून. पाव पोर्तुगीजांबरोबर आला आणि रोटीच्या शेजारी बसला. दोन भाषा पिढ्यानपिढ्या शेजारी नांदल्या की असे जोड होतात. फूटपट्टीतला फूट तर इंग्रजीतून आलाय आणि पट्टी आपली, तो आजचाच नमुना. मात्र ही फेरी गर्दीच्या कार्यक्रमात घेऊ नका, इथं 'आम्हाला कसं माहीत असणार' होण्याचा धोका आहे, वीसेक वाचणारी माणसं असतील तरच.

आता वाक्प्रचार. 'वाक्यात उपयोग करा' पूर्णपणे विसरा. त्याऐवजी क्रियापद धरा. न खाता येणाऱ्या किती गोष्टी आपण खातो? मार, शिव्या, भाव, डोकं, पैसे, कच, गटांगळ्या, हवा, माती. दोन मिनिटांत फळा भरतो. 'लागणे' तर अथांग आहे: भूक लागते, ठेच लागते, नोकरी लागते, निकाल लागतो, फोन लागतो, दम लागतो, डोळा लागतो, नजर लागते, घाटात गाडी लागते. एकदा एका आजींनी सांगितलं 'पान लागलं' आणि लहानांना वाटलं पानपट्टीवरचं पान, तर त्यांनी हळू आवाजात समजावलं की साप चावला असं म्हणायचं नसतं म्हणून पान लागलं म्हणतात, त्यांच्या लहानपणी गावात असंच सांगत आलेला माणूस त्यांनी बघितला होता. हॉल एकदम शांत झाला. शब्दखेळात असंही काही घडू द्यावं, घाईनं पुढचा प्रश्न विचारू नये.

मग शब्दशः फेरी. वाक्प्रचार जसाच्या तसा चित्र म्हणून वर्णन करायचा आणि ओळखायला सांगायचं. 'हा माणूस विळी-चाकू वापरत नाही, चेहऱ्याच्या मधल्या अवयवानं भाजी सोलतो' म्हणजे नाकाने कांदे सोलणे. 'दुसऱ्याच्या डोक्याचा पाटा करून मसाला वाटतोय' म्हणजे डोक्यावर मिरे वाटणे. 'एका गुडघाभर झाडावर माणसाला चढवलंय' म्हणजे हरभऱ्याच्या झाडावर चढवणे. या शेवटच्यासाठी मी फेब्रुवारीत मंडईतून हरभऱ्याच्या डहाळ्यांची जुडी घेऊन जाते, घाटे लागलेली, मुळासकट. मुलांच्या हातात देते आणि म्हणते, चढा यावर. त्याची ती बारकी काडी, हाताला लागणारी आंबट ओल, त्यातला घाटा फोडून खाणं, हे सगळं झाल्यावर खोट्या स्तुतीनं माणूस कुठं चढतो ते वेगळं सांगावं लागत नाही. तुमचा कार्यक्रम २७ फेब्रुवारीला आहे, डहाळे तेव्हा मिळतात, नक्की आणा.

आकड्यांची फेरी सगळ्यात शेवटी घ्या, ती चढत जाते. छत्तीसचा आकडा का म्हणतात? एखाद्या मुलाला फळ्यावर देवनागरीत ३६ लिहायला लावा, मोठं. ३चं तोंड डावीकडं, ६चं उजवीकडं, दोघांची पाठ एकमेकांकडं. मग आकडे उलटे करायला सांगा, ६३, झाले समोरासमोर. इंग्रजी आकड्यांतच गणित शिकलेल्या मुलांना हे कधी दिसलेलंच नसतं, फळ्याकडं बघताना त्यांचे चेहरे बघा तुम्ही. सोळा आणे खरं का? रुपयाचे आणे सोळा होते, १ एप्रिल १९५७ला दशमान पद्धत आली तोवर, म्हणजे सोळा आणे म्हणजे पुरतं, शंभर टक्के. सातबारा म्हणजे काय? गाव नमुना ७ आणि गाव नमुना १२ एकत्र, एकात जमिनीचा मालकी हक्क, दुसऱ्यात पिकाची नोंद. चारसोबीस हे भारतीय दंड विधानातलं फसवणुकीचं कलम ४२०, आणि १ जुलै २०२४पासून भारतीय न्याय संहिता लागू झाल्यावर ते ३१८ झालं, पण कुणी कुणाला तीनशे अठरा म्हणत नाही, शब्द तिथंच राहिला. आणि 'पाचवीला पुजलेलं'? मुलं हमखास इयत्ता पाचवी म्हणतात, मग बाळाच्या जन्मानंतर पाचव्या दिवशी सटवीची पूजा करतात, ती नशीब लिहून जाते असं मानतात, हे एखाद्या आजीला सांगू द्या.

एका शब्दाच्या दोन अर्थांवर खेळ बसवायचा असेल तर असे प्रश्नही करून बघा: 'रात्री झाडावर फुलते आणि रात्रीच डांबरी रस्त्यावर धावते.' रातराणी, फूल आणि एसटी. 'नावात गाय पण दूध नाही' गोगलगाय, 'नावात मासा पण मासा नाही' देवमासा, 'नावात मूग पण मूग नाही' भुईमूग. लहानांना हे पुरतात आणि त्यांना स्वतःला पुढचे सुचायला लागतात (माकडहाड, पाणघोडा), तेव्हा त्यांना विचारू द्या आणि मोठ्यांना उत्तरं देऊ द्या.

काही गोष्टी मात्र तुमच्या तिथल्या माणसांवर अवलंबून आहेत, त्या मी इथून ठरवू शकत नाही. सोसायटीत नागपूरकडची घरं असतील तर सांबारवडी म्हटल्यावर त्यांना कोथिंबीर दिसणार, कारण तिकडं सांबार म्हणजे कोथिंबीर, आणि बाकीच्यांना इडलीबरोबरचं सांबार. हे आधी माहीत असेल तर तो भांडणाचा नाही, सगळ्यात चांगला प्रश्न होतो: 'सांबारवडीत सांबार कुठाय?' मराठी मातृभाषा नसलेली घरंही असतील, त्यांना साखळीच्या आणि चित्रांच्या फेऱ्यांत घ्या, आवाजाच्या जोड्या त्यांच्या भाषेतल्या विचारा, चायवाय, पानीवानी, ते आनंदानं सांगतात. माणसं तीसपेक्षा जास्त असतील तर गटात पाच-सहा जणच ठेवा, नाहीतर दोघं बोलतात आणि बाकीचे बघतात.

तर तासाचं गणित मी असं मांडीन: पहिली दहा मिनिटं मधला शब्द, सोपे आठ-दहा, सगळ्यांनी मिळून, गुण नाहीत. मग गटात समान शेपूट आणि साखळी मिळून पंधरा. मधे एक मिनिटाची 'पाणी' आणि 'खाणे' फेरी, उठून उभं राहून, तेवढ्यानं हॉल जागा होतो. मग शब्दशः फेरी हरभऱ्यासकट, आणि शेवटची पंधरा मिनिटं आकड्यांना द्या, तिथं गोष्टी निघतात आणि वेळ सरकतो. प्रश्न तासाला चाळीस तयार ठेवा पण पंचवीसच होतील असं धरून चाला. समासाची नावं कुणी विचारली तर सांगा, आपणहून काढू नका.

आणि ती वडापावची साखळी घ्याल तेव्हा मुलांना पुढं वाढवायला सांगा. मी पालापाचोळ्यावर अडकलेय, 'पाचोळा'नं सुरू होणारा जोडशब्द मला अजून सापडलेला नाही. तुमच्या सोसायटीत कुणाला मिळाला तर इथंच लिहा, वहीत मी त्याच्यासाठी एक ओळ मोकळी ठेवलीय.